एक वाव आणि चार बोटं

घर हलवायला तीन दिवस उरले होते. घरं हलवण्यातले जाणते पुआंग सादे सकाळीच जुमरियाकडे आले, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, आणि कॉफी येण्याआधीच त्यांनी विचारलं, "नावं किती घेऊ? दोन की एक?"

जुमरिया घराखालच्या सावलीत बसून मासे साफ करत होती. बांदेंग माशात काटे फार. ते एकेक करून उपसावे लागतात आणि मध्ये हात थांबला की कुठवर आलो ते विसरायला होतं. तिने हात थांबवला नाही.

"कधीपर्यंत सांगायला हवं?"

"शुक्रवारी नमाज झाली की घर उचलायचं. त्याच्या आधी कधीही."

"मग शुक्रवारी सांगते."

"शुक्रवारी नव्वद माणसं खांदे लावून उभी असतील, पोरी. तेव्हा विचार करत बसू नकोस म्हणजे झालं."

घर लाकडाचं होतं, बारा खांबांवर उभं. खांबांखाली बारा दगडी तळखडे, आणि तळखड्यांखाली जमीन, जी जुमरियाची नव्हती. त्या गावात याचं कुणाला नवल वाटत नसे. जमीन एकाची, घर दुसऱ्याचं असं पुष्कळांचं होतं. वेळ आली की जमीन मागे राहायची आणि घर माणसाबरोबर चालू लागायचं. ही जमीन जुमरियाच्या नणंदेची, रोस्मिनीची. रोस्मिनीच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला तिथे विटांचं घर बांधायचं होतं. भांडण कसलंच नव्हतं. कालव्यापलीकडे जुमरियाच्या आईचा एक तुकडा पडून होता, चारशे पावलांच्या आत. घर तिकडे न्यायचं, एवढंच.

अडलं होतं ते नावावर. घर उचलताना जाणता माणूस नाभीखांबावर, म्हणजे घराच्या मुख्य खांबावर, हात ठेवतो आणि घराच्या मालकांची नावं घेतो, म्हणजे घराला कळतं आपण कुणाबरोबर निघालो आहोत. नव्या जागी टेकवताना पुन्हा घेतो. नवराबायको असतील तर दोन नावं. विधवा असेल तर एक.

जुमरियाच्या नवऱ्याला, मप्पियासेला, गाव सोडून नऊ वर्षं झाली होती. पारेपारे बंदरातून जहाजाने सीमेवरच्या नुनुकानला, तिथून होडीने पलीकडे मलेशियात, ताडतेलाच्या मळ्यांवर. गावातले अर्धे पुरुष कधी ना कधी तिकडे जाऊन आले होते. निघण्याआधी त्याने अंगावरची निळ्या चौकटींची लुंगी सोडून नाभीखांबाच्या खिळ्यावर अडकवली. प्रवासाला निघणारे सगळेच असं करतात. वापरलेलं कापड, न धुतलेलं. तो परत येईपर्यंत ते तिथून हलवायचं नसतं. पहिली तीन वर्षं त्याचे फोन येत. मग येईनासे झाले. नंतर तिकडून परतलेल्या तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या. एकाने त्याला बाजारात पाहिलं होतं, ट्रकवर चढताना. दुसऱ्याने ऐकलं होतं की तो तापाने गेला. तिसरा म्हणाला, त्या नावाचा माणूस त्या मळ्यावर कधी नव्हताच. जुमरियाने तिघांचंही सारख्याच लक्षाने ऐकून घेतलं आणि तिघांनाही कॉफी दिली.

दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग ओठ आपलाच असून आपला लागत नाही. बोट लावलं तर बोटाला ओठ कळतो, ओठाला बोट कळत नाही. जुमरियाचं साधारण तसं झालं होतं. आधी तिला वाटलं, हे उतरेल. पुढे ती वाट पाहायचीही विसरली.

बुधवारी तिची मुलगी हसनिदार तालुक्याहून मोटरसायकलवर आली. ती तिथल्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करत असे. हेल्मेट काढता काढताच तिने विचारलं, "पुआंगना सांगितलंस?"

"काय?"

"आई, काय ते तुला माहीत आहे."

रोस्मिनी तिथेच होती. शुक्रवारच्या जेवणासाठी केळीची पानं पुसून चळत लावत होती. "सांगायचं काय त्यात?" ती म्हणाली. "दोन नावं. माझा भाऊ काही मेला नाही. मेला असता तर मला स्वप्न पडलं असतं. आमच्या वडिलांच्या वेळी पडलं होतं."

"आत्या, आजोबा तुझ्या शेजारच्या खोलीत गेले. स्वप्न कशाला हवं होतं?"

"बघ, बघ हिची जीभ! बाटल्यांत रक्त भरून भरून माणुसकी गेली हिची."

"माणुसकी गेली म्हणूनच सांगते. सहा वर्षं आवाज नाही. आई रोज त्या लुंगीखाली झोपते आणि सकाळी उठून पिशवीभर तांदूळ निवडते. हे काय जगणं आहे?"

"तांदूळ तर निवडायलाच हवेत," जुमरिया म्हणाली.

 मग रोस्मिनी हसली, हसनिदार हसली नाही, आणि बोलणं तिथेच राहिलं.

त्याच दुपारी दुसरी अडचण निघाली. नव्या जागी तळखडे आधीच बसवून ठेवायचे असतात, म्हणजे घर आलं की खांब बरोबर त्यांवर उतरतात. दोन खांबांमधला खण किती, हे घरधन्याच्या शरीरावरून ठरतं. या घराचा खण होता मप्पियासेची दीड वाव. घर बांधताना त्याला उभं करून, दोन्ही हात पसरायला लावून, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत दोरी धरली होती, ती एक वाव. ती दोरी कापडात गुंडाळून नाभीखांबाच्या वर, आढ्याशी खोचून ठेवलेली असते. पुआंग सादेंनी शिडी लावून पुडकं काढलं. कापडात उंदरांच्या लेंड्या होत्या आणि वीतभर सुतळी.

"टेप आहे माझ्याकडे," हसनिदार म्हणाली. "दोन खांबांमधलं अंतर मोजा की. दोन मिनिटांचं काम."

पुआंग सादेंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने टेप परत पिशवीत टाकला. "उभ्या घराला माप लावत नाहीत," ते म्हणाले. "मेलेल्याला लावतात, कबरीसाठी. आत माणसं राहतात अजून."

"शास्त्रात कुठे लिहिलंय?"

"माझ्या भावाने सांगितलंय. हे घर त्यानेच बांधलं. आता तो नाही, नाहीतर त्याच्याशी भांडली असतीस." ते जुमरियाकडे वळले. "तुला आठवते त्याची वाव?"

जुमरियाला आठवत होती. जागेवर नुसतं लाकूड येऊन पडलं होतं, खांबही उभे नव्हते. पुआंगच्या भावाने माप घेतलं त्या संध्याकाळी मप्पियासे तिच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला आणि म्हणाला, "पसर हात." दोघांनी हात पसरले. त्याची बोटं तिच्या बोटांच्या पुढे गेली होती. किती पुढे, तेही तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने हात पसरले. "माझी एक वाव. त्यावर एक वीत आणि दोन बोटं."

"नक्की?"

"नक्की."

गेल्या कित्येक वर्षांत तिने इतक्या ठामपणे काही सांगितलं नव्हतं. पुआंगनी नवी दोरी तिच्या हातांवर ताणली, वर वीत आणि दोन बोटं धरली, गाठ मारली. गुरुवारी संध्याकाळपर्यंत कालव्यापलीकडे बारा तळखडे बसले. पाण्याच्या नळीने त्यांची पातळीसुद्धा जुळवून झाली. त्यात एका नखाचाही फरक नव्हता.

शुक्रवारी नमाज सुटली आणि माणसं थेट मशिदीतूनच आली. सामान आधीच बाहेर काढलेलं होतं. आत राहिली होती फक्त ती लुंगी. खांबांना दोन्ही बाजूंनी लांब बांबू बांधलेले होते. हिशेब केला तर रिकाम्या घराचे माणशी पन्नासेक किलो पडत होते, म्हणजे फार नाही, सगळ्यांनी एकदम उचललं तर.

पुआंग सादे घराखाली गेले, नाभीखांबावर हात ठेवला आणि जुमरियाकडे पाहिलं.

ती पाण्याची घागर घेऊन उभी होती. तीन दिवस तिने यावर विचार केला होता असं नाही. तिने पापलेटं खारवली होती, नारळ खवले होते, चिकट भात भिजत घातला होता. प्रश्न समोर आला तेव्हा तिला एवढंच दिसलं की रोस्मिनी टक लावून बघते आहे, आणि जे आहे ते तसंच ठेवायला काही करावं लागत नाही.

"दोन," ती म्हणाली.

हसनिदारने तोंड फिरवलं. पुआंगनी दोन नावं घेतली. कर्ण्यावर एकाने आकडे म्हटले आणि घर जमिनीवरून वीतभर वर आलं.

"अरे, आत मांजर राहिलंय!"

"राहू दे, त्याचं भाडं नंतर घेऊ!"

"नुरदिन, खांदा लाव रे! नुसता बांबूला लोंबकळतोस काय?"

"मी बुटका आहे तर मी काय करू? बांबूच खाली आणा!"

नुरदिन वीटभट्टीवर काम करणारा, गावातला सगळ्यांत ठेंगणा माणूस. तो टाचा उंचावून चालत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे उंच गडी मुद्दाम अजून ताठ होत होते. घर बांधाबांधाने गेलं, कालव्याच्या मोरीवर जरा थांबलं, पुढे गेलं. जुमरिया मागून घागर घेऊन चालली. मागून पाहताना घराच्या खाली फक्त पाय दिसत होते, एकशे ऐंशी पाय. जुन्या जागी काय उरलं ते बघायला तिने मान वळवली नाही. बारा तळखडे उरले होते, हे तिला माहीत होतं.

नव्या जागी पुआंगनी आधी नाभीखांब धरला. "हळू... अजून दोन बोटं... उतरवा." नाभीखांब त्याच्या दगडाच्या बरोबर मध्यावर आला.

आणि मग कुणीतरी मागून ओरडलं, "थांबा! उतरवू नका! दगड कुठेय?"

"माझ्या इथेही नाही!"

"दगड आहे रे, खांब नाहीये त्यावर!"

घर तसंच अधांतरी धरून माणसं उभी राहिली. पुआंग सादे वाकून एका खांबाकडून दुसऱ्याकडे गेले. नाभीखांब सोडला तर अकराच्या अकरा खांब चुकले होते. पुढची रांग तळखड्यांच्या सव्वा वीत आत. मागची त्याहून दुप्पट. नाभीखांबापासून जेवढं दूर जावं तेवढी चूक वाढत गेली होती, आणि सगळी एकाच बाजूची: दगड लांब पडले होते, घर लहान होतं.

"अरे, हा मप्पियासे तिकडे जाऊन उंच झाला की काय!" नुरदिन बांबूखालून ओरडला.

घामाने निथळत होते तरी सगळे हसले. रोस्मिनीसुद्धा हसली. जुमरियाही हसली, चेहरा हसला हे तिला गालांच्या ताणावरून कळलं.

"पुआंग, आता तरी टेप लावू का?" हसनिदारने विचारलं.

"घराला नाही. दगड सरकवा. घर धरून ठेवा, दगड खांबाखाली येतील. पहारी आणा!"

वीसेक जण घराखाली शिरले. पहारीच्या टोकाने तळखडा उचकायचा, ढकलायचा, माती दाबायची, ओळंबा बघायचा. वरून घर कुरकुरत होतं. कुणी म्हणत होतं लवकर, कुणी म्हणत होतं बिस्मिल्ला, एकजण आपल्या बायकोचं नाव घेत होता. पाच-सहा मिनिटं गेली असतील. शेवटचा दगड जागेवर आला, कर्णेवाल्याने आकडे म्हटले, घर टेकलं, आणि त्याच क्षणी फाटल्याचा मोठा आवाज झाला.

"घराचं काय मोडलं?"

"घराचं नाही," नुरदिनचा आवाज आला. "माझं."

त्याची पँट मागून कंबरेपासून गुडघ्यापर्यंत गेली होती. तो पाठीशी केळीचं पान धरून खांबाला चिकटून उभा राहिला, आणि तिथून हलेना. बायकांनी तोंडावर पदर धरले.

पुआंग सादेंनी मात्र त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दगड म्हणजे घर नव्हे. दगडांना दोरी चालते. त्यांनी बसलेल्या दोन तळखड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत नवी दोरी धरली, कापली आणि जुमरियाच्या हातात दिली. "वर आढ्याशी खोच. उंदरांपासून जप. तू वर पोचलीस की आवाज दे, मी नावं घेतो."

नव्या जागी घरात पहिलं पाऊल घरधनिणीचं, पाणी घेऊन. जुमरिया जिना चढली. आत कुणी नव्हतं. मांजर चुलीच्या कोपऱ्यात अंग आकसून बसलं होतं. खिडक्या आता समुद्राकडे नव्हत्या, कालव्याकडे होत्या, त्यामुळे ऊन भलत्याच फळ्यांवर पडलं होतं. बाकी सगळं तेच. लुंगी खिळ्यावर होती.

तिने घागर खाली ठेवली. दोरी खोचायच्या आधी तिने ती तीन पदरी दुमडली, तिसरा पदर सोडला आणि उरलेली दोन्ही हातांत ताणली. दीड वावेतली एक वाव. हात पूर्ण पसरले. डाव्या हाताच्या बोटाला एक टोक लावलं. उजव्या बोटापुढे दोरी उरली ती चार बोटं.

तिने पुन्हा दुमडून पाहिली. चार बोटं.

एक वीत आणि दोन बोटं तिने मनाशी धरली होती, खात्रीने, डोळ्यांसमोर दिसत असल्यासारखी. ती कधी वाढली ते तिला सांगता आलं नसतं. वर्षाला एका बोटाहून थोडी जास्त, अशी वाढत गेली असणार. नऊ वर्षं ती ज्याच्या परतण्याची वाट पाहत होती त्या माणसाचे हात लांब होते. हे घर ज्याच्या हातांनी मोजलं तो माणूस तिच्याहून चार बोटंच मोठा होता, आणि तो तिला आठवत नव्हता. त्याचा चेहरा आठवायचा तिने प्रयत्न केला. लांब हातांच्या माणसाचा चेहरा आला.

फळ्यांच्या फटींतून खालून पुआंगचा आवाज आला. "पोचलीस का गं?"

"पोचले."

"अरे, कुणीतरी मला काहीतरी द्या!" नुरदिन बाहेरून ओरडत होता. "सगळं गाव बघतंय!"

"सगळ्या गावाने आधीच पाहिलंय, आता लपवून काय करतोस?"

"जुमरिया ताई! पोतं द्या एखादं, नाहीतर पडदा!"

पडदे बाहेर गाठोड्यात होते, आणि गाठोडी बैलगाडीवर, गाडी अजून कालव्यापलीकडे. घरात कापड एकच होतं. जुमरियाने दोरी आढ्याशी खोचली, नीट, दोनदा दाबून. मग खिळ्यावरून लुंगी काढली. घडीच्या रेषेवर कापड विरलं होतं, पण फाटलं नव्हतं. तिने ती खिडकीशी नेऊन झटकली. धूळ उडाली आणि उन्हात तरंगत राहिली.

"नुरदिन," तिने हाक मारली आणि लुंगी खाली टाकली.

त्याने ती झेलली. कमरेला गुंडाळायला सुरुवात केली, आणि निळ्या चौकटी पाहून त्याचे हात थांबले. सगळेच थांबले. गावात ती लुंगी कुठे असते हे न जाणणारा कुणी नव्हता. हसणारे गप्प झाले. पातेल्याजवळ उभ्या असलेल्या रोस्मिनीच्या हातातली पळी तशीच राहिली.

"नेस," जुमरिया खिडकीतून म्हणाली. "उघडा किती वेळ उभा राहणार?"

नुरदिनने ती नेसली. तो ठेंगणा, म्हणून त्याने वर दोन घड्या घातल्या.

"धुऊन परत आणून दे हं," रोस्मिनी त्याला म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"नको, रोस्मिनी दाएंग," जुमरिया वरून नणंदेला म्हणाली. "त्याच्याकडेच राहू दे."

 रोस्मिनीने पळी पातेल्यात घातली आणि रस्सा ढवळू लागली, ज्याला ढवळायची गरज नव्हती.

खालून पुआंगनी पुन्हा विचारलं. ते खिडकीकडे पाहू शकत नव्हते, हात नाभीखांबावर होता. पण बाहेरची शांतता त्यांना ऐकू आली असणार. "जुमरिया? काय म्हणू?"

नाभीखांबाशी ती वर उभी होती, ते खाली. मध्ये फळ्या. तिने खांबावर हात ठेवला. लाकूड थंड होतं.

"एक," ती म्हणाली.

त्यांनी तिचं नाव घेतलं. एकच, मोठ्याने नाही. मग जरा थांबून दुसरी प्रार्थना म्हटली, जी तिने आधी दुसऱ्यांच्या घरी, कुणी गेलं तेव्हा, ऐकली होती. बाहेरच्या माणसांनी तळवे वर करून शेवटी आमीन म्हटलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली, आता काही होईल म्हणून. काही झालं नाही. मांजर उठलं, जिन्यापर्यंत गेलं, खाली अनोळखी अंगण पाहून परत आलं.

हसनिदार वर आली. दारातच उभी राहिली. तिचे डोळे लाल होते, आणि तिला हवं तेच झालं होतं. "आई, बरी आहेस ना?"

"तू बाबांच्या पाठीला पाठ लावून कधी उभी राहिली होतीस?"

"लहान होते मी. कशाला?"

"काही नाही. उंच होते का ते?"

हसनिदार विचारात पडली. "मला तर खूप उंच वाटायचे," ती म्हणाली. "पण ते गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते."

"हो," जुमरिया म्हणाली. "खाली चल. नव्वद जण उपाशी आहेत."

पानं मांडली गेली. भात, मासे, रस्सा, केळीच्या पानात वाफवलेला गोड पदार्थ. जुमरियाने रस्सा चाखला आणि मीठ मागितलं. रोस्मिनीने ते आणून तिच्या हातात दिलं आणि तिथेच तिच्या शेजारी वाढायला उभी राहिली. माणसं पुन्हा बोलू लागली, आधी खालच्या आवाजात, मग नेहमीसारखी. तळखडे चुकल्याची गोष्ट जेवण संपेपर्यंत तीनदा सांगून झाली होती आणि प्रत्येक वेळी दगड आणखी लांब गेले होते. नुरदिन निळ्या चौकटींच्या लुंगीत मांडी घालून बसला होता आणि तिसऱ्यांदा भात मागत होता.

खिळा रिकामा होता. संध्याकाळी सामान आत लावताना कुणीतरी त्याच्यावर आपली टोपी अडकवली आणि विसरून गेलं.